चिनी सण: तिथी, सुट्टी आणि बंद कारखाना यांचा हिशेब

तुमचे तीन प्रश्न आहेत. चीनमधल्या निंगबो बंदराच्या सप्लायरने फेब्रुवारीत 'नऊ दिवस सुट्टी' सांगितली आणि एलईडी माळांचा माल हलला तो थेट मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, असं का झालं? दरवर्षी बदलणाऱ्या या तारखा आधी कशा ओळखायच्या? आणि २५ सप्टेंबर २०२६ ला त्यांच्या घरी मध्य-शरद सणाचं (चिनी आठव्या महिन्याची पंधरावी) आमंत्रण आहे, घरी केलेले शाकाहारी मूनकेक न्यायचे आहेत, तर काय सांभाळायचं?

चिनी सणाच्या बाबतीत तीन हिशेब वेगवेगळे चालतात आणि आपण ते एकच समजतो. सण तिथीने येतो. सुट्टी सरकारी परिपत्रकाने मिळते. कारखाना मात्र सुरू होतो तो गावाहून परतणाऱ्या कामगाराच्या तिकिटावर. तुमची ऑर्डर दुसऱ्या आणि तिसऱ्या हिशेबाच्या मधल्या फटीत अडकली.

आधी तिथी. हे आपल्याला पटकन कळायला हवं, कारण चिनी पारंपरिक महिना आपल्या अमान्त महिन्यासारखाच आहे, अमावास्येला धरून चालणारा. फरक दोन. आपल्याकडे सूर्योदयाला असलेली तिथी त्या दिवसाची. तिकडे बीजिंगच्या वेळेनुसार ज्या दिवशी अमावास्येचा क्षण येतो, तो अख्खा दिवस नव्या महिन्याची १ तारीख. पुढे सरळ २, ३, ४ मोजायचं. क्षयतिथी नाही, वृद्धितिथी नाही. त्यामुळे महिना २९ किंवा ३० दिवसांचा होतो आणि १५ तारखेला पौर्णिमा असेलच असं नाही. 'पंधरवीचा चंद्र सोळावीला गोल' असं चिनी लोक म्हणतातच. २०२५ ते २०२९ या पाचही वर्षांत बाराव्या महिन्याला तिसावा दिवस नाही, तरी वर्षाच्या शेवटच्या रात्रीला बोलीत 'तिसावी'च म्हणतात. सप्लायर 'तिसावीपर्यंत देतो' म्हणाला तर इंग्रजी तारीख लिहून घ्या.

दुसरा फरक अधिक महिन्याचा. आपल्याकडे ज्या चांद्र महिन्यात सूर्याची संक्रांत होत नाही तो अधिक. चीनचा नियम त्याच जातीचा, फक्त त्यांच्या संक्रांती सायन (ऋतूंना धरून) आहेत, म्हणजे आपल्या निरयन (ताऱ्यांना धरून असलेल्या) संक्रांतींच्या सुमारे २४ दिवस आधी. शिवाय दोन दक्षिणायनांतांच्या, म्हणजे २१-२२ डिसेंबरच्या दोन बिंदूंच्या, मध्ये १३ महिने बसत असतील तरच अधिक महिना घालतात. म्हणून दोन्हीकडचे अधिक महिने एकाच वेळी येत नाहीत. चीनने २०२५ मध्ये २५ जुलै ते २२ ऑगस्ट असा अधिक सहावा महिना घेतला. आपला अधिक ज्येष्ठ आला २०२६ च्या १७ मे ते १५ जूनला. मधल्या काळात त्यांचे सण आपल्या पंचांगात एक महिना पुढे सरकलेले दिसतात. एरवी भाद्रपद पौर्णिमेच्या आसपास येणारा मध्य-शरद सण २०२५ मध्ये ६ ऑक्टोबरला, आपल्या कोजागिरीलाच आला, तो यामुळे. एरवी माघ शुद्ध प्रतिपदेच्या मागेपुढे येणारं नववर्षही २०२६ मध्ये फाल्गुनाच्या तोंडाशी, १७ फेब्रुवारीला गेलं. २०२७ मध्ये ते ६ फेब्रुवारीला, पुन्हा माघाशी जुळून आहे. त्यानंतर २६ जानेवारी २०२८, १३ फेब्रुवारी २०२९, ३ फेब्रुवारी २०३०. नववर्ष नेहमी २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या पट्ट्यातच पडतं. घरात कालनिर्णय असेल तर माघ शुद्ध प्रतिपदेवर खूण करून ठेवा. नेमकी तारीख ताडून घ्यावी लागेल, पण हंगाम कधी सुरू होतो याचा अंदाज वर्षभर आधी येतो.

सगळेच सण चंद्रावर चालत नाहीत. पूर्वजांच्या स्मरणाचा छिंगमिंग आणि दक्षिणायनांताचा दोंगझी हे सूर्यावर आहेत. आपल्या मकरसंक्रांतीसारखी त्यांची तारीख जवळजवळ स्थिर असते. छिंगमिंग ४ किंवा ५ एप्रिलला, दोंगझी २१ किंवा २२ डिसेंबरला.

आता परिपत्रक. १ जानेवारी २०२५ पासून चीनमध्ये वर्षाला १३ सार्वजनिक सुट्ट्या आहेत, आधी ११ होत्या. १ जानेवारीची एक, वसंतोत्सवाच्या (छुनज्ये, म्हणजे चांद्र नववर्षाच्या) चार, छिंगमिंगची एक, १ मेच्या दोन, द्वानवूची (ड्रॅगन होड्यांच्या सणाची) एक, मध्य-शरदची एक आणि १ ऑक्टोबरच्या राष्ट्रीय दिनाच्या तीन. मग सलग नऊ दिवस कुठून आले? तिथे 'थ्याओश्यू' नावाची पद्धत आहे: आजूबाजूचे शनिवार-रविवार कामाचे करून त्यांच्या बदल्यात सुट्टी सलग जोडायची. २०२६ च्या वसंतोत्सवाची सुट्टी १५ ते २३ फेब्रुवारी होती आणि त्यासाठी १४ व २८ फेब्रुवारी हे दोन शनिवार कामाचे होते. पुढच्या वर्षाचं परिपत्रक साधारण नोव्हेंबरात निघतं. ते आलं की नुसत्या सुट्ट्या नोंदवू नका, हे कामाचे शनिवार-रविवारही नोंदवा. त्या दिवशी तिकडच्या बँका, कार्यालयं सुरू असतात आणि इकडे आपण फोन बंद करून बसलेलो असतो; तो दिवस हातचा जातो.

तिसरा हिशेब समजून घ्यायचा तर वसंतोत्सव घरात कसा होतो ते पाहावं लागेल. बाराव्या महिन्याच्या ८ तारखेला 'लाबा' नावाची धान्य-कडधान्य-सुकामेव्याची खीर होते आणि तिथून सणाचे वेध लागतात. २३ ला उत्तरेत, २४ ला दक्षिणेत चुलीच्या देवाची बोळवण. हा देव वर्षभराचा घरचा अहवाल वर स्वर्गात नेतो अशी श्रद्धा, म्हणून त्याला चिकट गोडी खायला देतात. तोंड गोड व्हावं, नाहीतर चिकटून तरी राहावं. मग घर झाडून काढणं, दारावर लाल कागदावरच्या काव्यपंक्ती. शेवटच्या रात्रीचं एकत्र जेवण हा सगळ्या वर्षाचा गाभा. उत्तरेत त्या रात्री ज्याओझ (कणकेच्या पारीत सारण भरून उकडलेले), दक्षिणेत मासा आणि चिकट तांदळाचा न्यनगाओ. मासा थोडा शिल्लक ठेवतात, कारण 'मासा' आणि 'शिल्लक' या शब्दांचा उच्चार एकच. पहिल्या दिवशी केर काढत नाहीत, घरातलं भाग्य बाहेर जाऊ नये म्हणून. दुसऱ्या दिवशी लेकी जावयाला घेऊन माहेरी जातात. पाचवीला धनदेवतेचं स्वागत. पंधरावीला कंदिलांचा युआनश्याओ सण, चिकट तांदळाच्या गोड गोळ्या, आणि मग सण संपला.

या रात्रीच्या जेवणाला घरी पोचलंच पाहिजे. निंगबो, ईवू, ग्वांगडोंगच्या कारखान्यांत काम करणारी माणसं आन्हुई, हनान, सिचुआन, ग्वेइझोउ अशा प्रांतांतली. कित्येकांची मुलं गावी आजी-आजोबांकडे वाढतात. आई-बापाची भेट वर्षातून एकदा, ती हीच. सरकारने चार दिवस दिले काय नि आठ दिले काय, हजार-दीड हजार किलोमीटर गेलेला माणूस दोन आठवडे राहूनच येणार, आणि ते अगदी योग्य आहे. म्हणूनच 'छुनयुन' हा प्रवासाचा सरकारी हंगाम ४० दिवसांचा धरतात, नववर्षाच्या १५ दिवस आधीपासून २५ दिवस नंतरपर्यंत. त्यात वार्षिक बोनस नववर्षाआधी हातात पडतो. नोकरी सोडायची असेल तर बोनस घेऊन सोडतात आणि सणानंतर परत येतच नाहीत. मार्चमध्ये तुमच्या लाइनवर बसलेले हात नवे असण्याची शक्यता मोठी.

२०२७ चा उलटा हिशेब मांडून दाखवतो. नववर्ष ६ फेब्रुवारी, शनिवार. त्याच्या दोन-तीन आठवडे आधी, म्हणजे १६ ते २३ जानेवारीच्या दरम्यान, प्लेटिंग (धातूवर मुलामा), डायकास्टिंग (धातूचं ओतकाम), खोके छापणारे असे छोटे जोडधंदे बंद होऊ लागतात. तुमचा सप्लायर चालू असतो, पण त्याला वायर, अ‍ॅडॉप्टर, खोकी मिळत नाहीत, आणि हेच तो सांगत नाही. शेवटच्या आठवड्यात ट्रकवाले गावी जातात. माल तयार असून कारखान्यातच पडतो. जहाजावरची जागा तर त्याआधीच भरलेली. म्हणून ३० दिवसांत होणारी ऑर्डर असेल तर ॲडव्हान्स आणि मंजूर नमुना दोन्ही ५ डिसेंबरच्या आत. तपासणी १२ जानेवारीपर्यंत, म्हणजे दोष निघालाच तर दुरुस्तीला आठवडा उरतो. २५ जानेवारीनंतर केलेल्या तपासणीचा उपयोग फक्त दुःख नोंदवण्यापुरता. दुरुस्त करायला हात नसतात. घाईच्या त्या शेवटच्या दिवसांत एलईडी माळांमध्ये ठरावीक गोष्टी बिघडतात: सोल्डर थंड राहतो (तारेचा जोड नीट धरत नाही), रात्रभर चालवून पाहण्याची चाचणी गाळली जाते, गोंद वाळायच्या आत पॅकिंग होतं.

सणानंतर 'कामाला सुरुवात' बहुधा सहावीला किंवा आठवीला होते. २०२७ मध्ये ११ किंवा १३ फेब्रुवारी. त्या दिवशी दार उघडतं, मालक लाल पाकिटं वाटतो, सेल्सची मुलगी तुमच्या मेसेजला उत्तर देते. याचा अर्थ मशीन फिरतंय असा नव्हे. खरी क्षमता कंदिलांच्या सणानंतर, म्हणजे २० फेब्रुवारीनंतर येते, आणि जानेवारीत अडकलेल्या ऑर्डरी आधी निघतात. तुमची ऑर्डर मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात गेली, ती या रांगेमुळे. 'सुट्टी कधी संपते' हे विचारू नका. विचारा: असेंब्ली लाइनचे किती लोक कोणत्या तारखेला परतलेत, आणि माझ्या आधी किती ऑर्डरी आहेत. सणानंतरच्या पहिल्या लॉटची तपासणी टाळू नका. पैशाचंही बघा: सुट्टीत पाठवलेली रक्कम त्यांची बँक उघडेपर्यंत जमा होत नाही, आणि शिल्लक रकमेच्या घाईत बिल ऑफ लेडिंगची (माल जहाजावर चढल्याच्या पावतीची) प्रत न पाहता पैसे सोडणं तर कधीच नको.

बाकीचे सण धंद्याला एवढे जड नाहीत. छिंगमिंगला पूर्वजांच्या थडग्यावरचं गवत काढतात, पुसट झालेली अक्षरं रंगवतात, जेवण ठेवतात, कागदी पैसे जाळतात, तीनदा वाकून नमस्कार करतात. या दिवशी शुभेच्छा पाठवू नका. सर्वपित्रीला कोणी 'हॅपी' म्हणावं तसं ते लागतं. १ मेच्या सुट्टीत पाच दिवस धरा. द्वानवू पाचव्या महिन्याच्या पाचवीला (२०२७ मध्ये ९ जून): ड्रॅगनच्या आकाराच्या होड्यांच्या शर्यती आणि पानात बांधून उकडलेला चिकट भात, झोंगझ. आपल्या पातोळ्यांची आठवण येईल, पण झोंगझ दोन-तीन तास पूर्ण पाण्याखाली शिजतो. पाणी कमी पडलं की वरचा कोपरा कच्चा राहतो. शुभेच्छा देताना पुष्कळ जण 'आनंद' न म्हणता 'आनखांग', म्हणजे क्षेमकुशल, म्हणतात, कारण हा दिवस मुळात रोगराई टाळण्याचा. तुम्हीही तेच म्हणा. छिंगमिंग, द्वानवू आणि मध्य-शरद यांना सार्वजनिक सुट्टी २००८ पासूनच आहे. त्याआधी ते घरोघरी होत, कारखाने चालू असत. जुने आयातदार 'पूर्वी जूनमध्ये काही बंद नसायचं' म्हणतात ते खरं आहे.

तुमच्या मालाला दुसरा धोका ऑक्टोबरचा. २०२६ मध्ये मध्य-शरदची सुट्टी २५ ते २७ सप्टेंबर, मग तीन दिवस काम, मग १ ते ७ ऑक्टोबर राष्ट्रीय दिन. मधले तीन दिवस रजा टाकून पुष्कळ लोक सलग तेरा दिवस गायब होतात. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. निंगबो ते न्हावा शेवा अडीच-तीन आठवडे आणि नंतर कस्टम धरा. दिवाळीच्या माळा १० सप्टेंबरपर्यंत जहाजावर नसतील, तर त्या भिवंडीच्या गोदामात पुढच्या दिवाळीची वाट पाहतील. हवाई मार्गाने वाचवू म्हणाल तर ११ नोव्हेंबरच्या ऑनलाइन सेलचा हंगाम आडवा येतो. हा 'एकट्यांचा दिवस' मुळात नानजिंगच्या विद्यार्थ्यांची गंमत. २००९ पासून अलीबाबाने तो खरेदीचा दिवस केला, आणि आता ऑक्टोबरच्या मध्यापासून खोकी, कुरियर, गोदामं सगळंच त्यात अडकलेलं असतं. तशीच, पण लहान लाट १८ जूनच्या सेलची.

आता मूनकेक. ग्वांगडोंग पद्धतीचा करा, कारण त्याच्या पारीत शेंगदाण्याचं तेल असतं. सूझोउ पद्धतीच्या पापुद्र्यात डुकराची चरबी घालतात. पाक दोन आठवडे आधी करून ठेवा: ४०० ग्रॅम साखर, २०० ग्रॅम पाणी, उकळी आली की ५० ग्रॅम लिंबाचा रस, मग अगदी मंद आचेवर पाऊण तास, ११० अंशांपर्यंत. उकळी आल्यावर चमचा घालायचा नाही. ढवळलं की साखर परत दाणेदार होते. पारीसाठी १०० ग्रॅम मैदा, ७५ ग्रॅम हा पाक, २५ ग्रॅम शेंगदाणा तेल आणि २ ग्रॅम क्षारपाणी. क्षारपाणी म्हणजे पापडखारातलाच गुण: खाण्याचा सोडा ओव्हनमध्ये १२० अंशांवर तासभर भाजून एक भाग, त्यात तीन भाग पाणी. ते हाताला लावून घेऊ नका. पाक आणि क्षारपाणी आधी एकजीव, मग तेल, मग मैदा. मळायचं नाही, फक्त गोळा करायचा आणि दोन तास झाकून ठेवायचा.

सारणाला सोललेलं कमळाचं बी भिजवा (मखाणे नव्हेत, ते वेगळं बी). प्रत्येक बी उघडून मधला हिरवा अंकुर काढा. एक जरी राहिला तरी घास कडू. शिजवून, वाटून, साखर-तेलात परता, कढईची कड सोडून गोळा होईपर्यंत. ओलसर राहिलं तर भाजताना वाफ धरतं आणि मूनकेकची कंबर फाटते. ५० ग्रॅमच्या साच्याला १५ ग्रॅम पारी, ३५ ग्रॅम सारण. या मापात तेरा होतात. मोदकाची पारी वर ओढतो तशी ती तळहाताने सरकवत वर आणायची. साच्यातून काढून पाण्याचा हलका फवारा, २०० अंशांवर पाच मिनिटं, बाहेर काढून गार, वरून अगदी पातळ हात, आणि १८० वर बारा ते पंधरा मिनिटं. हा हात एरवी अंड्याचा असतो; त्याच्या जागी तुम्हाला पाकात थोडं पाणी घालून लावता येईल. चकाकी कमी येईल, पण जाड लावू नका, नक्षी बुजते. बाजू हस्तिदंती रंगाच्या आणि किंचित फुगल्या की झालं. रंग फिका राहिला तर क्षारपाणी कमी, काळपट आणि कडवट झाला तर जास्त. नक्षी पसरली तर पाक पातळ होता. ताजा मूनकेक कडक लागतो, घाबरू नका. बंद डब्यात दोन-तीन दिवसांत सारणातलं तेल पारीत परत येतं आणि ती मऊ, चमकदार होते. म्हणून २१ सप्टेंबरला भाजा.

अंडी, मांस, ताजं दूध-लोणी-चीज आणि ताजी फळं प्रवाशाला चीनमध्ये नेता येत नाहीत. पेढे-बर्फीचा मोह टाळा. भाजलेले काजू, चिक्की चालेल. मूनकेक सणाच्या आधी हातात द्यायचे असतात, पंधरावी उलटली की त्यांना किंमत नाही. २४ ला पोचत असाल तर त्याच दिवशी द्या, दोन्ही हातांनी, सम संख्येत. घड्याळ देऊ नका: 'घड्याळ देणं' आणि 'अंत्यसमयी सोबत करणं' यांचा उच्चार एकच. छत्री आणि पेअरही नकोत, दोन्हींत ताटातुटीचा उच्चार येतो. तिकडे ताटात येणाऱ्या मूनकेकमध्ये खारवलेला अंड्याचा बलक किंवा चरबी असू शकते, म्हणून 'सू' (शाकाहारी) म्हणून थांबू नका, 'जूयोउ' (डुकराची चरबी) आहे का, हेही विचारा. एक मूनकेक सहा-आठ फोडी करून चहाबरोबर सगळ्यांनी मिळून खायचा असतो. तुमच्यापुढे अख्खा ठेवला तरी कापून वाटा.

त्यांच्या मुलाला पाकीट द्यायचं असेल तर आपली सवय आवरा. आपण १०१, ५०१ असा वर रुपया घालतो. तिकडे विषम रक्कम शोकाच्या पांढऱ्या पाकिटात जाते. लाल पाकिटात २००, ६०० किंवा ८०० युआन, नोटा कोऱ्या, आणि ४ हा आकडा कुठेही नको.